तीन दिवसांत एक चाल : आठ महिने खेळल्यावर

ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणारं झटपट बुद्धिबळ, सोडून आठ महिने झाले. आता फक्त पत्रव्यवहारी बुद्धिबळ, एका चालीला तीन दिवस. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर अशा डावात ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं आणि जुन्या डावांचे डेटाबेस उघडून बसता येतं, इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, मात्र चालत नाही. आयसीसीएफ या पत्रव्यवहारी बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत इंजिनलाही मुभा आहे. तो वेगळाच खेळ, आपला नाही.

पुस्तक समोर असताना ओपनिंगमध्ये काय चुकणार, असं वाटत होतं. म्हणून काळ्या मोहऱ्यांनी थेट टू नाइट्स या ओपनिंगचा एक फाटा, फ्रिट्झ व्हेरिएशन, घेतला. समोर नमुना म्हणून एक गाजलेला डाव : एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर (काळी मोहरी बर्लिनरची), पाचव्या पत्रव्यवहारी विश्वविजेतेपदाची अंतिम फेरी, १९६५ ते ६८. एस्ट्रिन या ओपनिंगचा जाणकार, तरी बर्लिनर ४२ चालींत जिंकला आणि पुढे विश्वविजेताही झाला. दहाव्या चालीला तो प्यादं ई४ या घरावर सरकवतो आणि डी४ वरच्या घोड्यावर पाणी सोडतो. बाराव्या चालीला उंटाचा शह आला की राजा मुकाट्याने डी८ वर. कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीआड सुरक्षित नेण्याची चाल, गेलं. माझ्या डावात ही चाल खेळताना पोटात गोळा आला होता, पुस्तक उघडं असूनही.

गडबड चौदाव्या चालीला झाली. पांढऱ्याने हत्तीने एफ३ वरचं प्यादं मारलं. बर्लिनर इथे आधी हत्ती बी८ वर आणतो. मी म्हटलं, हत्ती मिळतोय तर आत्ताच घ्या की! रांगेत उभ्या उभ्या, फोनवर, उंटाने हत्ती मारला. वजिराने उंट परत मारला, आणि आता तो वजीर एका घरातून माझ्या डी५ वरच्या घोड्याकडेही बघत होता आणि एफ७ च्या प्याद्याकडेही. पुढे डाव तीन आठवडे रखडला, पण संपला होता तिथेच.

हत्ती बी८ वर आणण्याचं कारण हरल्यावर, पट मांडून बसलो तेव्हा कळलं. त्या चालीने पांढऱ्याचा बी५ वरचा उंट हुसकला जातो. तो ई२ वर परतला की आपल्याच वजिराची एफ३ ची वाट अडवतो. मग खुशाल हत्ती मारा. चाल पुस्तकात होती, कारण नव्हतं.

तक्रार एकच : हरणार हे दिसलं की काही प्रतिस्पर्धी प्रत्येक चालीला पुरते तीन दिवस घेतात. राजीनामा द्या ना बाबांनो!

गेल्या आठवड्यात तीच स्थिती दुसऱ्या एका डावात आली. परवा हत्ती बी८ वर ठेवलाय. उत्तर अजून यायचंय.