पेकोचा कोड १०० फ्लेक्स ट्रॅक, कळव्याच्या टू बीएचकेमध्ये

माझ्या मॉडेल रेल्वेचा जुना लेआउट, म्हणजे छोट्या रुळांची मांडणी, सहा बाय चार फुटांच्या प्लायवर होता, रूळ सगळे पितळी. आपल्याकडच्या पावसाळ्यात पितळ काळवंडतं आणि इंजिन आचके देत चालतं. म्हणून भिंतीकडेने लेआउट वाढवताना पेको या ब्रिटिश कंपनीचा कोड १०० (रुळाची उंची ०.१ इंच) फ्लेक्स ट्रॅक, म्हणजे वाकवता येणारा ट्रॅक, घेतला. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ, गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी, एकेक तुकडा ९१४ मिमी.

खरी मजा वळणावर. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात कॉलम पुढे आलाय, तिथे तयार वळणं बसतच नव्हती. हा हवा तसा वाकतो. वाकवला की आतला रूळ पुढे सरकतो, तेवढा कापायचा. रूळ कापायचा कटर मात्र घ्याच. साध्या पक्कडीने टोक चेपतं आणि जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणारी छोटी पट्टी, चढत नाही. दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवले, तर सांध्यावर कोन पडत नाही.

खटकतं ते दिसणं, पण तो दोष एचओ गेजचा, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेलच्या १६.५ मिमी रुळांचा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये १९.३ मिमी हवी. १६.५ वर आपलं डिझेल इंजिन कसंसंच, पाय जवळ घेऊन उभं! नातवाला काही फरक पडत नाही, त्याला फक्त लोकल हवी.

मागवताना कडक, लांब खोक्याचा आग्रह धरा. एका विक्रेत्याने पातळ पुठ्ठ्यात पाठवला, टोकं वाकून आली.