ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज : साडेचार हजारांत काय मिळतं, कुठे अडतं

केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क ई-फायलिंग सेवेला पाचपैकी साडेतीन गुण. आपला खान्देश मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या हद्दीत येतो, पण रावेर-चोपड्याहून अँटॉप हिलच्या त्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. आपल्यासारखं नाव आधी कुणी घेतलंय का याचा शोध फुकट, सुनावणीही व्हिडिओवर होते. फॉर्म मात्र मराठीत नाही, आणि चूक झाली की ती महागात पडते.

फॉर्मचं नाव टीएम-ए. एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका गटाला, फी ४,५०० रुपये. ही सवलत व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना. भागीदारी किंवा कंपनी असेल तर उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या नोंदणीचं) जोडा, नाहीतर ९,००० भरावे लागतात. अन्नपरवान्यावर, जीएसटीवर किंवा उद्यमवर नाव आलं म्हणजे ते आपलं झालं, ही समजूत बाजारात घट्ट बसली आहे. यातल्या एकाही कागदाने नावावर हक्क मिळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वर्गांचा. एकूण वर्ग ४५. पापड, काळा मसाला, शेव वर्ग ३० मध्ये. ताजी केळी आणि भरिताची वांगी ३१ मध्ये. भरीत-भाकरीचं हॉटेल ४३ मध्ये. केळीचे वेफर्स मात्र २९ मध्ये जातात. इथेच गंमत होते. आपण ‘वेफर्स’ म्हणतो ते तळलेले काप. इंग्रजीत वेफर म्हणजे बिस्किटाच्या जातीचा पदार्थ, तो ३० मध्ये पडतो. मालाच्या वर्णनात ‘बनाना चिप्स’ असंच लिहा. पैसे भरल्यावर दुरुस्तीसाठी टीएम-एम फॉर्म आहे, फी ९०० रुपये, पण त्यातून नवा माल घुसवता येत नाही. मग नवा अर्ज, नवी फी, आणि तारीखही मागची जाऊन पुढची.

शोध घेताना नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधायची सोयही वापरा. ‘लक्ष्मी’तला ‘क्ष’ इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, अर्ज तपासणारा परीक्षक ते सगळं एकच धरतो. ‘अस्सल’, ‘चविष्ट’, ‘खान्देशी’ असले वर्णनाचे किंवा गावाचे शब्द एकटेच दिले तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत जवळपास ठरलेली. जळगावची केळी आणि जळगावचं भरिताचं वांगं यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव कुणा एकाच्या पाकिटाची मालकी होत नाही; उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते, तीही चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात.

‘वापर कधीपासून’ हा रकाना घाईत भरू नये. जुनी तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र आणि पुरावा हवा: त्या काळची बिलं, छापील लेबल, जाहिरात. पुरावा नसेल तर ‘वापरण्याचा विचार आहे’ हाच पर्याय निवडा.

बरेच अर्ज मरतात ते इमेलमुळे. सल्लागार स्वतःचा मोबाइल आणि इमेल टाकतो, मालकाला पत्ताच नाही. परीक्षकाच्या हरकतींचा परीक्षण अहवाल आला की उत्तराला ३० दिवस मिळतात, आणि इमेल पाठवला की तो पोहोचला असंच नियम धरतो. स्पॅममध्ये पडून राहिला ही सबब चालत नाही. अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा स्थिती स्वतः बघा, फुकट दिसते. उत्तर पटलं तर नाव कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात. तिथून चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची. ती होईपर्यंत पुड्यावर गोलातला ‘आर’ (नोंदणी झाल्याची खूण) छापू नका, ‘टीएम’ चालतं.

लोगो काळा-पांढरा दिलात तर सगळ्या रंगांना संरक्षण मिळतं. आणि तो डिझायनरने काढून दिला असेल तर चित्रावरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, सोपवल्याचा सही केलेला कागद घ्या. त्यात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईला चिप्स पाठवणाऱ्याने ही दोन वाक्यं आधी तपासावीत.