ग्रुपवर माल विकायचाय? आधी चकली का तुटते ते सांगा

इनबॉक्समध्ये दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की ताई तुम्ही ऑर्डरी कुठून मिळवता, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी डोंबिवलीत घरूनच भाजण्या, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते, २०२१ पासून. दुकान नाही, गाळा नाही, स्वयंपाकघर आणि वाळवणाला मागची बाल्कनी, बास. शेजारपाजारचे सोडले तर सगळं गिऱ्हाईक ऑनलाइन ग्रुपांमधून आलंय, त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या मिक्सरचा नाही की मिसळीचा नाही, ग्रुपांचाच आहे.

सुरुवात सगळ्यात वाईटापासून करते, म्हणजे नंतर तोंड गोड होईल. धंदा सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी मी १,४९९ रुपये भरून एक ऑनलाइन वर्कशॉप केला होता, "सोशल मीडियावरून घरगुती व्यवसाय वाढवा" टाईपचा. नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको. तीन तास झूमवर. त्यातला पाऊण तास त्या सरांनी स्वतः कुठून कुठे आले तेच सांगितलं, मग एक तास आम्हाला डोळे मिटून पाच वर्षांनंतरची गाडी बघायला लावली (मला गाडी दिसेना, गॅसवर ठेवलेलं दूध दिसत होतं), आणि शेवटी मुद्द्याची गोष्ट काय तर पन्नास ग्रुप जॉइन करा, रोज सगळीकडे एकच पोस्ट टाका, खाली लिहा "ऑफर फक्त आज". मी गरीब बिचारी बारा दिवस रोज रात्री जेवणं झाली की हेच करत बसले. नऊ ग्रुपांनी हाकलून दिलं, ऑर्डरी आल्या दोन, त्यातली एक माझ्या मामेबहिणीची, तिला माझी कीव आली म्हणून. या वर्कशॉपला अर्धा स्टार, तोही सरांचा आवाज छान होता म्हणून.

आता फेसबुकवरचे खाण्याचे ग्रुप. याला माझ्याकडून साडेचार. पण ते साडेचार पहिल्या दिवसापासून मिळाले नाहीत, मधे मी वैतागून ॲपच उडवलं होतं.

झालं असं की दिवाळीच्या आधी एका ग्रुपवर रात्री दहाला एका मुलीने फोटो टाकला, सोऱ्यातून पडलेले चकलीचे नुसते तुकडे, आणि खाली "प्लीज कोणीतरी सांगा, सासूबाई उद्या सकाळी येतायत." खाली कमेंटी काय, तर "विकतची भाजणी असणार", "आमच्याकडे मऊसूत न होणारी चकली मिळेल, डीएम करा", कोणी नुसताच हसण्याचा इमोजी. मला राहवलं नाही. मी लिहिलं की अगं पीठ कोरडं पडलंय, बाकी काही नाही, सगळं एकदम नको, एका घाण्यापुरता गोळा घे, कोमट पाण्याचा हात लावून चांगला मळ, उरलेली उकड झाकून ठेव. तेलात टाकल्यावर विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळ. आणि आच मध्यम ठेव, मोठ्या आचेवर वरून लाल होते आणि आत कच्ची राहते, मग डब्यात गेली की दुसऱ्या दिवशी मऊ. तेलातले बुडबुडे कमी होईपर्यंत काढू नकोस.

साडेअकराला तिने त्याच पोस्टखाली फोटो टाकला. अख्ख्या चकल्या, काट्यांसकट. खाली दीडशे लाइक.

मी कुठेही लिहिलं नव्हतं की मी भाजणी विकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोस्टखाली तिघींनी विचारलं, ताई तुम्ही करून देता का? कोणीतरी माझ्या प्रोफाइलवर जाऊन बघून आलं होतं. त्या एका पोस्टमधून त्या दिवाळीत अठरा किलो भाजणी गेली. आणि बारा दिवस पन्नास ग्रुपांवर बोंब मारून दोन ऑर्डरी, त्यात एक बहिणीची.

हे आपल्याकडच्या हळदीकुंकवासारखंच आहे. दारातच पिशवी उघडून साड्या दाखवायला लागलीस तर बायका वाण घेऊन पटकन निघतात. पण कोणी तुझ्या अंगावरच्या साडीला हात लावून "कुठून घेतलीस गं" विचारलं की सगळा घोळका तिथेच बसतो.

पण खरी गंमत मला दुसऱ्या वर्षी कळली. पुढच्या दिवाळीला परत त्याच जुन्या पोस्टवरून मेसेज यायला लागले! कारण दर दिवाळीला कोणाची तरी चकली तुटतेच, ती बाई ग्रुपच्या सर्चमध्ये "चकली तुटते" टाकते, आणि वर्षापूर्वीचं माझं उत्तर वर येतं. जाहिरातीची पोस्ट संध्याकाळपर्यंत खाली जाते, कुत्रं विचारत नाही. उत्तर मात्र लोणच्यासारखं, बरणीत पडून राहतं आणि मुरतं. तेव्हापासून मी एका वहीत लिहून ठेवते की कुठल्या महिन्यात लोक काय विचारतात. एप्रिल-मे म्हणजे वर्षाचे मसाले, पापड-कुरडया. आषाढी आणि श्रावणात उपवासाची भाजणी. पावसाळ्यात पोरं आजारी पडली की मेतकूट-भात. मग त्या त्या सीझनच्या दहा-पंधरा दिवस आधी मी जुन्या पोस्टी शोधते, जिथे कोणी नीट उत्तर दिलेलं नसेल तिथे देते. रोज वीस मिनिटं, कुकर होईपर्यंत. याहून जास्त वेळ दिला तर धंदा बाजूला राहतो आणि आपण लोकांची भांडणं वाचत बसतो, हे अनुभवाने सांगते.

भांडणांवरून आठवलं. गोडा मसाला आणि काळा मसाला एकच की वेगळा, यावर ग्रुपवर कधीही तोंड उघडू नका. मी एकदा उघडलं. दगडफूल किती, नागकेशर हवंच का, कांदा-लसूण घातला की तो गोडा राहतो का, एकशे चाळीस कमेंटी, कोकणस्थ-देशस्थ झालं, पुणे-सोलापूर झालं, एका काकांनी माझ्या माहेरापर्यंत चौकशी केली. ऑर्डर एकही नाही.

आता एक गोष्ट जी मला वाटतं गिऱ्हाइकापेक्षाही जास्त कामाची झाली. ग्रुपवर लोक दुसऱ्यांच्या मालाबद्दल जे बोलतात ना, ते फुकट शिक्षण आहे. एका पोस्टमध्ये सातआठ जणी एकच तक्रार करत होत्या की विकतची थालीपिठाची भाजणी महिन्याभरात कडसर लागते. माझी नव्हती ती भाजणी, पण माझ्या पोटात गोळा आला, कारण माझ्यातही बाजरी असतेच, आणि बाजरीचं पीठ दळून ठेवलं की पटकन कडू होतं, हे आपल्या आयांना माहीत होतं म्हणून त्या लागेल तसं दळायच्या. मी तोपर्यंत महिन्याचं एकदम दळून आणत होते, गिरणीत एकच फेरी पडावी म्हणून. तेव्हापासून दर रविवारी दळते, आणि पाकिटावर पॅकिंगबरोबर दळल्याची तारीखही टाकते. ही तारीख बघून लोक जेवढे खूश होतात तेवढे कुठल्या ऑफरला झाले नाहीत. तसंच २०० ग्रॅमचं पाकीट. मी अर्धा किलोच्या खाली देतच नव्हते, पण ग्रुपवर हिंजवडीत एकटी राहणारी पोरं सारखी विचारायची की एवढं कोण खाणार. आता छोटं पाकीट जास्त खपतं, आणि त्यात कृतीची चिठ्ठी असते, "वाटीभर पीठ, कांदा, मीठ, तिखट, तव्यावरच थापा, मधे भोकं पाडा", कारण त्यांना खरंच माहीत नसतं.

ॲडमिन लोकांबद्दल. बहुतेक चांगले असतात, नियम वर पिन केलेले असतात, ते वाचायचे. काही ग्रुपांत जाहिरातीचा ठरलेला वार असतो, त्या वारी टाकायचं, आदल्या दिवशी शहाणपणा करायचा नाही. एका ग्रुपच्या ॲडमिनने मात्र मला महिना पाचशे मागितले, म्हणजे तुमच्या पोस्टी वर राहतील आणि तुमच्याविरुद्धच्या कमेंटी "बघून घेऊ". मी नमस्कार केला आणि बाहेर पडले. तिथे ज्यांचं कौतुक चाललेलं असतं ते आता मी वेगळ्या नजरेने वाचते.

मायबोलीला पाच पैकी चार. नव्या मुलींना माहीतही नसेल, पण १९९६ पासून चालू असलेली मराठी साइट आहे ती, फेसबुक-बिसबुक कोणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हापासूनची. तिथे जाहिरातींचा विभाग वेगळा आहे, धाग्यांमध्ये माल विकायला जाऊ नका, लोक सभ्य शब्दांत सोलून काढतात. मी आधी सहा महिने नुसती रोमात होते, म्हणजे काही न लिहिता फक्त वाचत होते, मग पाककृतींच्या धाग्यांवर लिहायला लागले. ऑर्डरी थोड्याच आल्या पण गिऱ्हाईक काय, एकदम दर्दी! तिकडे परदेशातले वाचक बरेच, त्यांच्यातली एक न्यू जर्सीची बाई दरवर्षी तिच्या आईच्या ठाण्याच्या पत्त्यावर तीन किलो मागवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून नेते.

रेडिटला आपल्या धंद्यासाठी दोन. तिथली मुलं हुशार आहेत पण जाहिरातीचा वास लांबून ओळखतात, माझी पहिलीच पोस्ट उडाली, आणि बरोबरच उडाली, नियम न वाचता टाकली होती. "मुंबईत चांगला मेतकूट कुठे मिळेल" असले प्रश्न मात्र तिथे वाचत जा. कोरा (Quora) या प्रश्नोत्तरांच्या साइटवर मराठीत दोनचार उत्तरं लिहिली, वाचतात खूप, घेत कोणी नाही.

व्हॉट्सॲप. इथे मी सगळ्यात मोठी माती खाल्ली. फेसबुकवरून आलेली गिऱ्हाइकं हौसेने एका ग्रुपमध्ये घातली, एकशे चाळीस जणी, न विचारता. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. आठवड्याभरात एकीने तिथले नंबर उचलून सगळ्यांना ड्रेस मटेरियलचे फोटो पाठवले, रात्री अकराला. शिव्या मला पडल्या, तीसेक जणी निघून गेल्या, काही कायमच्या. मग ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकीला वेगळा जातो, त्यात २५६ जणांपर्यंत घेता येतात पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून मी आता पहिल्या पाकिटातच चिठ्ठी टाकते "नंबर सेव्ह करा, दळणाचा वार कळवते". अजून माणसं असतील तर कम्युनिटी, २०२२ च्या शेवटी आली ती, त्याच्या घोषणेच्या ग्रुपमध्ये एकीला दुसरीचा नंबर दिसत नाही. आणि बिझनेसवालं ॲप घ्या, साधं नको. कॅटलॉगमध्ये भाव टाकून ठेवले की "किंमत?" "किंमत?" ला उत्तरं देत बसावं लागत नाही, आणि नवीन, पैसे आले, पाठवलं अशी लेबलं लावता येतात. माझा नवरा आधी हे सगळं एक्सेलमध्ये करायचा, आता लेबलं बघून तोच डबे बांधतो.

एक सावध करते. ग्रुपवर नंबर दिला की फसवे फोन येतातच. मला आलेला फोन असा, "मॅडम मी आर्मीतून बोलतोय, युनिटसाठी वीस किलो भाजणी पाहिजे." भाव केला नाही, चव विचारली नाही, तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, भाव न करणारं गिऱ्हाईक कधी बघितलंय? मग म्हणाला आमची पेमेंटची पद्धत वेगळी आहे, क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. लेक शेजारी अभ्यास करत होती म्हणून वाचले, ती ओरडली की आई पैसे घ्यायला पिन लागत नाही! लक्षात ठेवा, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. चुकून गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

आणि फूड लायसन्स. ग्रुपवर कोणीतरी सगळ्यांसमोर विचारतंच, एफएसएसएआय नंबर आहे का. मी काढलं तेव्हा छोट्या घरगुती धंद्याला नुसतं रजिस्ट्रेशन पुरायचं, वर्षाला शंभर रुपये फी, घरबसल्या पोर्टलवर. चौदा आकडी नंबर मिळतो. तो प्रश्न आल्यावर पाच मिनिटांत नंबर टाकता आला की पुढच्या चार शंका न विचारताच मिटतात, आणि "बघते, सांगते" म्हटलं की संपलं.

वाईट कमेंटीचं पण सांगते, कारण ते विचारतात सगळ्या. मागच्या श्रावणात एकीने भर ग्रुपमध्ये लिहिलं, उपवासाच्या भाजणीत कचकच लागली. मला रडू आलं, मग चिडले, मग एक खरमरीत उत्तर लिहिलं आणि लेकीने फोन काढून घेतला. तासाभराने डब्यातली उरलेली भाजणी चाळून बघितली तर होतीच कचकच, राजगिऱ्यातली, निवडताना राहिली होती. तिथेच लिहिलं की हो, चूक माझी, त्या घाण्याची सगळी पाकिटं बदलून देते, ज्यांनी घेतलीत त्यांनी मेसेज करा. नऊ पाकिटं बदलली, कुरिअरचा खर्च बोकांडी बसला. त्या बाईनेच या दिवाळीला पाच किलो नेली, आणि सोबत जावेला घेऊन आली.

कोणाला काही विचारायचं असेल तर खाली विचारा, चकलीचं विचारलंत तर आधी सांगेन. फक्त रविवारी एक ते चारमध्ये नको, गिरणीत असते, तिथे फोन वाजलेला ऐकू येत नाही.