रॉकोनॉमिक्स: गाण्याच्या धंद्यात पडलेल्या इकॉनॉमिक्सवाल्यांनी घ्याच

मी एमए इकॉनॉमिक्स करून एका छोट्या स्टुडिओत रॉयल्टीचे, म्हणजे गाणं वापरलं की कलाकारांना मिळणाऱ्या वाट्याचे, हिशेब बघतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक लग्नाकार्यात "म्हणजे तू नेमकं करतोस काय रे" हे ठरलेलंच. ॲलन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचं, गाण्याच्या धंद्याच्या अर्थशास्त्रावरचं रॉकोनॉमिक्स हे पुस्तक त्यासाठीच घेतलं, की आपल्यासारखं अजून कोणी आहे का बघावं, आणि पैसे वसूल झाले.

आता क्रूगर काही हौशी गडी नव्हे, प्रिन्स्टनचा प्रोफेसर, ओबामाच्या आर्थिक सल्लागार मंडळाचा अध्यक्ष, डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाबरोबर न्यू जर्सीच्या फास्ट फूड दुकानांवर केलेलं त्याचं किमान वेतनावरचं संशोधन आपल्याकडे एमएला असतं. असला माणूस २०१३ मध्ये क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जाऊन अमेरिकेतल्या विषमतेवर भाषण ठोकतो आणि उदाहरणं सगळी गायकांची देतो! तेच धागे पुढे या पुस्तकात आलेत. २०१९ च्या मार्चमध्ये तो गेला आणि पुस्तक जूनमध्ये आलं, स्वतःचं पुस्तक दुकानात बघायला तो नव्हता.

सगळ्यात भारी भाग कॉन्सर्टच्या तिकिटांचा. १९८१ ते २०१२ मध्ये अमेरिकेत तिकीट सरासरी चारशे टक्क्यांच्या आसपास वाढलं, बाकी महागाई वाढली दीडशे टक्के. का? तर पूर्वी शो म्हणजे रेकॉर्डची जाहिरात, तिकीट स्वस्त ठेवा, लोक येतील, मग अल्बम घेतील, कमाई तिकडून. फुकट डाउनलोड आलं आणि अल्बमची कमाईच आटली, मग तिकीट स्वस्त ठेवायचं कशासाठी? ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी २००२ मध्येच म्हणाला होता की संगीत नळाच्या पाण्यासारखं होणार, तेव्हा दौरे करायची तयारी ठेवा, म्हणून क्रूगरने याला नावच बोवी थिअरी दिलंय. (याच बोवीने १९९७ मध्ये आपल्या जुन्या अल्बमच्या रॉयल्टीवर साडेपाच कोटी डॉलरचे बाँड (कर्जरोखे) काढले होते, म्हणजे गड्याला फायनान्स आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.)

आणि क्रूगर नुसता ऑफिसात बसून गणितं मांडणारा नाही. २००२ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या शोला प्रेक्षकांना फॉर्म वाटून विचारलं, तिकीट कितीला घेतलं म्हणून. छापील किंमत सगळ्यांना सारखीच ७५ डॉलर, आणि ब्लॅकमध्ये सरासरी २८० च्या आसपास! मधला पैसा ब्लॅकवाल्याच्या खिशात, आणि तरी गायक भाव वाढवत नाही कारण पब्लिकला आपण लुटारू वाटायला नको. पाठ्यपुस्तकातला मागणी-पुरवठा इथे अडखळतो, आणि वाचायला मजा येते ती इथेच.

१९८२ मध्ये कॉन्सर्टच्या कमाईतला २६ टक्के वाटा वरच्या एक टक्का कलाकारांकडे जायचा, २०१७ मध्ये ६० टक्के. मग वर जाणारे जातात कसे, तर नशिबावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यातला ऑनलाइन प्रयोग म्हणजे, अनोळखी बँडची गाणी लोकांना ऐकायला दिली आणि लोकप्रियतेची यादी मुद्दाम उलटी करून दाखवली, तर तळातली बरीच गाणी पब्लिकने उचलून धरली, फक्त वर दिसतात म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला हे प्रकरण वाचायला देणार आहे, "दादा गाणं चांगलं असेल तर चालतंच ना" हे सारखं ऐकून कान किटलेत.

आता तक्रारी. स्ट्रीमिंगचं प्रकरण आत्ताच शिळं झालंय, रील्सवरून गाणं उचललं जाणं वगैरे यात जवळपास नाहीच. कॉपीराइटचं प्रकरण सगळं अमेरिकन, आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून देता येणार नाही असं केलं ते शोधू नका. परदेशी बाजार म्हणाल तर मुख्य भर चीनवर. शेवटचं संगीत आणि सुखाचं प्रकरण मी चाळून सोडलं, खरं सांगतो.

भाषा सोपी आहे, कोष्टकं कमी. इकॉनॉमिक्स न शिकलेल्या वादकालाही झेपेल, फक्त त्याने तिकिटांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, पहिली पानं जरा क्लासरूमी आहेत. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक चीनने खाल्ला.