पालकांसाठी एबीएचा रविवारचा वर्ग: एका आजीचा अनुभव

माझा नातू अथर्व पाच वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. मुलगा-सून नोकरीला जातात, दुपारपासून तो माझ्यापाशी असतो. म्हणून इंदूरच्या पलासियाजवळच्या एका थेरपी सेंटरनं पालकांसाठी एबीएच्या, म्हणजे अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिसच्या (वागण्याच्या आधी-नंतर काय घडतं ते पाहून मुलाला शिकवायच्या पद्धतीच्या), ओळखीचा वर्ग काढला तेव्हा मी माझंच नाव घातलं. फी साडेचार हजार, दीड महिना दर रविवारी सकाळी, शिकवणं हिंदीतून. लोकमान्य नगरातल्या काही घरांतून विचारणा झाली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिला रविवार इतिहासात गेला. मानसशास्त्रज्ञ स्किनरचे प्रयोग, मग १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनी या शास्त्राची मांडलेली सात लक्षणं. सगळं भराभर झालं. जे शिकवायचं ते मुलाच्या रोजच्या जगण्यात उपयोगी पडलं पाहिजे, हे एक लक्षण मात्र मॅडमनी शेवटपर्यंत धरून ठेवलं.

खरा वर्ग दुसऱ्या रविवारी सुरू झाला. तीन रकान्यांचा कागद मिळाला: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असं लिहायचं नाही, ‘ताटली जमिनीवर फेकली’ असं लिहायचं. अथर्व जेवताना ताटली फेकतो. लक्ष वेधायला फेकतो, भात आवडत नाही म्हणून फेकतो, लाडावलाय म्हणून फेकतो, असं घरात ज्याचं त्याचं मत होतं. आठवडाभर लिहिल्यावर दिसलं की जेवण निम्म्यावर आलं आणि मी पुन्हा वाढायला डाव उचलला की ताटली उडते. ती उडाली की जेवण संपतं आणि तो उठून जातो. त्याला पुरे झालेलं असतं आणि ते सांगायला दुसरी सोय नसते.

मॅडम म्हणाल्या, “फेकणं नुसतं थांबवू नका, तेच काम होईल असं सोपं काहीतरी त्याच्या हाती द्या.” सुनेनं उभ्या पंजाच्या चित्राचं कार्ड केलं. आधी मी त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावायची आणि तत्क्षणी ताट उचलायची. मग कोपराला नुसतं बोट लावायची. आता तो आपणहून कार्ड पुढे सरकवतो. मदत अशी हळूहळू काढून घेण्याला प्रॉम्प्ट फेडिंग म्हणतात. ताटली अजूनही एखाद्या दिवशी उडते, पण जेवायला बसताना माझ्या पोटात गोळा येत नाही.

बक्षीस काय चालेल हे मूलच ठरवतं, हेही तिथंच करून पाहिलं. शेव, साबणाचे फुगे, गाडी आणि डब्याचं गोल झाकण समोर मांडलं. अथर्वनं झाकण उचललं आणि फिरवत बसला. हात धुणं शिकवताना कामाचे तुकडे पाडून शेवटचा तुकडा, पंच्याला हात पुसणं, त्याच्याकडे दिला. काम पुरं केल्याचा आनंद आणि झाकण दोन्ही त्यालाच मिळतं. मागून पुढे शिकवायची ही रीत मला सर्वांत आवडली. एखाद्या वागण्याला मिळणारा प्रतिसाद बंद केला की ते आधी वाढू शकतं, त्यामुळे घरातले सगळे एकमतानं तयार नसतील तर सुरूच करू नका, हा इशाराही मॅडमनी वेळेवर दिला. मूल स्वतःला इजा करत असेल तर तज्ज्ञाशिवाय हात घालू नका, असंही बजावलं.

आता तक्रार. एका वडिलांनी मुलाचं हात फडफडवणं कसं बंद करायचं ते विचारलं, आणि सहायक शिक्षिकेनं लगेच युक्ती सांगितली. त्यानं कोणाला त्रास होतो, हे आधी विचारायला हवं होतं. हात फडफडवून मूल शांत होत असेल तर ते बंद का करायचं? ऑटिस्टिक मुलांवर एबीए वापरणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा १९८७ चा अभ्यास, आठवड्याला चाळीस तासांच्या थेरपीचा, मोठ्या उत्साहानं सांगितला. त्यात मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे नाही सांगितलं. साठच्या दशकात त्यांच्याच कामात मुलांना थपडा आणि विजेचे झटकेही दिले गेले, हेही नाही. मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक एबीएवर का चिडतात हे पालकांना कळलंच पाहिजे. मी उठून बोलले, मॅडमनी ऐकून घेतलं, पण पुढच्या तासात विषय आला नाही.

कागद सगळे इंग्रजीत, ते बदलायला हवेत. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र हजेरीचं आहे. आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन (एबीएचा प्रशिक्षित सहायक), म्हणून नोंदणी व्हावी या आशेनं जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्याचं चाळीस तासांचं प्रशिक्षण वेगळं असतं, आणि ती नोंदणी करणारं अमेरिकी मंडळ २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही.

घरी रोज कागद भरायची तयारी असेल तर अवश्य जा, आणि मुलापाशी सर्वांत जास्त वेळ जो असतो त्यालाच पाठवा. नाव घालताना हिंदी कागद मागून ठेवा. चार जणांनी मागितले तर ते काढतील.