‘१० पॉइंट’च्या बाटलीपायी गेलेले २,३७,३८० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, घरी सांगायला मला दोन महिने लागले. मॅपिंगचे (गाडीची ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, टाकण्याचे) २८,०००, ऑक्टेन बूस्टरच्या (पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला टाकीत ओतायच्या द्रवाच्या) बारा बाटल्यांच्या खोक्याचे १५,४८०, ‘लॉगिंग आणि करेक्शन’चे २,०००, टोइंगचे ५,५०० आणि इंजिनाच्या कामाचे १,८६,४००. मॅपिंग करणाऱ्या ट्यूनरचं नाव लिहीत नाही, कारण ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे.

गाडी एक लिटरची तीन सिलिंडर टर्बो-पेट्रोल. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या या माणसाकडे स्टेज वन, म्हणजे पार्ट न बदलता नुसतं मॅपिंग, केलं. मॅप टाकून झाल्यावर म्हणाला की हा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा आहे. (ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल इंजिनात अवेळी पेटत नाही.) टाकायच्या आधी नाही, टाकून झाल्यावर! तेव्हा साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल १०६ रुपये होतं आणि शंभरचं १६० च्या घरात, तेही मोजक्याच पंपांवर. मी कुरकुर केल्यावर त्याने कपाटातून बाटली काढली. “दादा, पंप कुठं शोधत बसता? चाळीस लिटरला ही एक टाका, दहा पॉइंट वाढतात. ९१ आणि १० किती झाले?”

मी म्हणालो, १०१.

बूस्टरच्या बाटलीवरचा एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. दहा पॉइंट म्हणजे एक. ९१ चं झालं ९२, आणि गाडीत मॅप शंभरचा. हे त्याला माहीत नसेल असं मला कुणी सांगू नये, रोज तेच विकतो तो. मी चाकणला क्वालिटी तपासणीत आहे. ड्रॉइंगवर एकक लिहिलेलं नसेल तर मी पार्ट परत पाठवतो, आणि इथे ‘पॉइंट म्हणजे काय’ एवढंही विचारलं नाही. पण समोरचा माणूस लॅपटॉप उघडून बसलेला, दारात चार महागड्या गाड्या उभ्या, कुणाच्या मनात शंका येईल? बाटलीमागे १,२९० म्हणजे लिटरला ३२.२५ रुपये पडत होते. शंभरच्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे २१.७५ वाचत होते. सात बाटल्या वापरल्या, म्हणजे २८० लिटर. वाचले ६,०९० रुपये.

तरी मार्चमध्ये मला कळायला हवं होतं. तीन बाटल्या संपल्यावर फोनवरच्या ओबीडी अ‍ॅपमध्ये (ते इंजिनाचे आकडे दाखवतं) दिसलं की जोर लावला की तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सहा-सात अंश मागे जातंय. म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) होत होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडून इंजिन सांभाळत होता. मी ताबडतोब गाडी घेऊन गेलो, हे आवर्जून सांगतो, मी गाफील नव्हतो. स्पार्क प्लग काढले तर टोकं विटकरी रंगाची. मी विचारलं. तो म्हणाला, “भारी बर्निंग आहे, कलर बघा.” मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असलेल्या बूस्टरचा थर असाच लालसर बसतो, आणि तो प्लगवरच थांबत नाही, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरही खातो. बाटलीवर घटकांचं नाव नव्हतं. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता. एमआरपीचा नुसता स्टिकर.

मग तो म्हणाला, “तुमचा नॉक सेन्सर (नॉकिंग ओळखणारा) जरा जास्तच सेन्सिटिव्ह आहे, करेक्शन करून देतो.” अर्ध्या तासाने गाडी दिली, अ‍ॅपमधला टायमिंगचा आलेख सपाट! मी खूश होऊन २,००० दिले. नॉकिंग थांबलंच नव्हतं, ते ओळखणारा कान त्याने बंद केला होता. रखवालदाराला गुंगीचं औषध द्यायचे पैसे मी स्वतः मोजले. त्या अर्ध्या तासात मी बाहेर चहा पीत उभा होतो, हे आठवलं की आजही झोप उडते. कुणी ट्यूनर टायमिंग का मागे जातंय ते न शोधता सेन्सरला दोष देऊ लागला, तर चावी मागून घ्या आणि निघा.

मे महिन्यातला रविवार, दुपारचं ऊन, एसी चालू, गाडीत आम्ही चौघं. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर खडखड आवाज, मागे निळा धूर आणि गाडीचा जीवच गेला. हेड उघडल्यावर दिसलं, तिसऱ्या पिस्टनची रिंग-लँड (दोन रिंगांमधली कड) तुटून बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे. सर्व्हिस सेंटरने ईसीयू फ्लॅश झाल्याची (त्यातलं सॉफ्टवेअर बदलल्याची) नोंद काढून वाढीव वॉरंटी नाकारली. तिथे माझ्याकडे बोलायला तोंड नव्हतं.

ट्यूनर म्हणाला, “पेट्रोल भेसळीचं असेल.” नंतर फोनच उचलेना.

पोलीस चौकीत तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा “बिल आणा.” बिल नव्हतं, कारण १८ टक्के जीएसटी वाचेल म्हणून त्याने सगळे पैसे स्वतःच्या नंबरवर यूपीआयने घेतले होते. (बिल घ्या. कितीही टक्के वाचोत, बिल घ्या.) तिसऱ्यांदा मी बाटली, चॅट, यूपीआयच्या नोंदी सगळं मांडलं, तर म्हणे हे दिवाणी प्रकरण आहे, आणि वर, “गाडीत छेडछाड तुम्हीच केली ना? तुमच्यावरच केस होईल.” फसवलं त्याला कुणी साधा फोन केला नाही आणि मला दम! वजनमापाच्या कार्यालयात गेलो, तर ऑक्टेन तपासणं आमचं काम नाही. अहो, ऑक्टेन राहू द्या, लेबलवर आयातदाराचा पत्ता नाही एवढं तरी बघा, हे तुमचंच काम ना? अर्ज ठेवून जा. ठेवला. पाच महिने झाले, पोचही नाही. एका हेल्पलाइनने तक्रार घेतली आणि ‘समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही’ असं लिहून बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलो!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि वकील लागतोच असं नाही. चॅट डिलीट करू नका, त्याने केलं तर काय म्हणून आधीच स्क्रीनशॉट काढा. माझ्या चॅटमध्ये ‘९१+१०=१०१’ हे त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे. मॅप करायचाच असेल तर नेहमीच्या पंपावर मिळतं त्या पेट्रोलचा करून घ्या, आणि तसं लिहून घ्या.

पाच बाटल्या सीलबंद उरल्यात. बायको त्या फेकून दे म्हणते. सुनावणी होईपर्यंत मी त्यांना हात लावू देणार नाही.