नऊ महिने, दोन कपाटं: ऐतिहासिक आणि बायकांच्या कादंबऱ्या जोडीने वाचल्यावर

गेल्या श्रावणात लायब्ररीची दोन पुस्तकांची वर्गणी भरली आणि एक नेम धरला. दर खेपेला एक ऐतिहासिक कादंबरी घ्यायची आणि एक बायकांची. ‘बायकांची’ म्हणजे बाईच्या जगण्याभोवती फिरणारी, मग लिहिणारा पुरुष का असेना. आता वैशाख चालू आहे. नेम एकदाच मोडला, तो कुठे ते पुढे येईलच.

मुळात मी ऐतिहासिक कादंबऱ्यांना नाक मुरडणाऱ्यांतली. नवरा त्याच वाचून मोठा झालेला, बोलता बोलता ‘श्रीमंत’, ‘मसलत’ वगैरे फेकणारा. सासूबाई दोन्हीकडच्या. घरातल्या एका जुन्या वादाचा निकाल लावावा, एवढाच खरं तर हेतू होता. निकाल लागला, पण मी समजत होते तसा नाही.

आधी सोयी-गैरसोयीचं बोलते. मी डोंबिवलीहून भायखळ्याला जाते. सकाळच्या लोकलमध्ये उभं राहून विश्वास पाटलांची ‘पानिपत’ वाचता येत नाही. एका हातात कडी, दुसऱ्या हातात ती वीट. दोन दिवसांत मनगट धरलं आणि ती दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवून दिली. बायकांच्या कादंबऱ्या बहुतेक सडपातळ, पर्समध्ये मावणाऱ्या. ऐतिहासिक लिहिणाऱ्याला पाचशे पानं सहज मिळतात आणि बाईच्या आयुष्याला दीडशे पुरतात, हा हिशोब कोणी ठरवला असेल ते गाडीत पुष्कळदा मनात आलं. मध्ये एका ॲपवर एक ऐतिहासिक कादंबरी ऐकूनही पाहिली. वाचणारे गृहस्थ प्रत्येक वाक्य रणशिंग फुंकल्यासारखं म्हणत होते, ‘जेवण वाढलं’ हेसुद्धा. चौथ्या प्रकरणावर बंद केलं.

‘पानिपत’ने मात्र मला गप्प केलं. 1988 सालची कादंबरी. तलवारींचा खणखणाट असेल म्हणून घाबरले होते, आणि लक्षात राहिली ती भूक. 14 जानेवारी 1761 च्या लढाईआधी मराठ्यांचा तळ महिनोन् महिने पानिपतावर अडकून पडला होता. रसद तुटलेली, आणि फौजेबरोबर यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुलं असा लढाईशी संबंध नसलेला मोठा जमाव. धान्य कुठून यायचं होतं, कुठे अडलं, जनावरांच्या चाऱ्याचं काय झालं, हे पाटील नीट सांगतात. महिनाअखेरीला डबे खालीवर करून पाहणाऱ्या माणसाला ही लढाई कळते. इतकं मला एरवी कुठल्याच किल्ल्याच्या वर्णनाने धरून ठेवलं नाही.

त्या तळावरच्या बायका तिथे आहेत, पण तंबूच्या पडद्याआड. त्यांतल्या पार्वतीबाई, सेनापती सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, नीट भेटल्या ना. सं. इनामदारांच्या ‘शिकस्त’मध्ये. भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊसाहेबांच्या नावाचा तोतयाही उभा राहिला. हरलेल्या लढाईनंतर घरी काय उरतं, हे एखादी ऐतिहासिक कादंबरी विचारू शकते, हे मला नवीन होतं. माझ्या दोन कपाटांमधली भिंत पहिल्यांदा हलली ती इथे. तरी एक तक्रार आहे. इनामदारांची पात्रं कधीमधी कोणी ऐकतंय अशा बेताने बोलतात. ‘राऊ’मध्ये तर मला काशीबाईंच्या एकट्या बसण्यात जेवढा रस होता, तेवढा लेखकाला नसावा.

आता ‘स्वामी’. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे लोक अंगावर येतात, पण नऊ महिने वाचलंय तर बोलणारच. रणजित देसाईंची ही कादंबरी 1962 ची, 1964 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालेली. लायब्ररीची प्रत तिसऱ्यांदा बांधलेली. शेवटची वीसेक पानं हाताळून जुन्या धोतरासारखी मऊ झालेली. समासात कोणीतरी पेन्सिलने ‘हाय!’ लिहिलंय. माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरच्या चिंतामणीच्या देवळात क्षयाने गेले, वय 27. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. थेऊरला मी जाऊन आले आहे. नदीकाठचं वृंदावन पाहिलं, फोटोही काढला होता.

त्या पानांवर मीही रडले, खोटं का सांगू. भाषाच तशी आहे, डोळ्यांत पाणी आणल्याशिवाय सोडत नाही. पण पुस्तक मिटल्यावर मनात राहिलेलं जोडपं अठराव्या शतकातलं वाटेना. तो शहाणा, हळवा, कामात बुडालेला नवरा आणि ती समजूतदार, रुसणारी, वाट पाहणारी बायको मला माझ्या आजोळच्या फोटोंत दिसतात. नुकतंच राज्य झालेलं, नोकऱ्या लागलेल्या, ब्लॉकमध्ये राहायला आलेलं ते साठच्या दशकातलं घर. ‘स्वामी’ मला पेशवाईपेक्षा त्या दशकातल्या मराठी माणसाची स्वप्नं जास्त सांगते. हा दोष म्हणून सांगत नाही, पण ‘इतिहास कळतो’ म्हणून ही पुस्तकं मुलांना देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

तिच्या जोडीला योगायोगाने आली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. हरिभाऊंनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ही क्रमशः छापली. यमू नावाची मुलगी आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगते. माहेर, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईचे थोडे सुखाचे दिवस, मग त्याचं जाणं, आणि पुढे शंकरमामंजींनी बळजबरीने तिचे केस काढवणं. मी कॉलेजात उतारा वाचला होता, अख्खी आता वाचली. पहिली पन्नास पानं रेटावी लागतात, मग ती आपल्याला रेटते. तिची मैत्रीण दुर्गी हिच्यावर तर वेगळं लिहायला हवं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सासूबाई मटार सोलत होत्या आणि मी त्यांना हेच केशवपनाचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवत होते. ‘स्वामी’चा शेवट त्यांना पाठ आहे, तो आला की डोळ्यांना पदर लागतो. इथे त्यांचे डोळे कोरडे होते. फक्त हात थांबले.

“आमच्या आत्याआजी अशाच होत्या,” त्या म्हणाल्या.

“अशा म्हणजे, आई?”

“लाल अळवण. न्हावी यायचा मागच्या दारी. आम्हा पोरींना आत पिटाळायचे, पण पायरी खिडकीखालीच होती. वस्तऱ्याचा आवाज यायचा गं, खर्र खर्र. मग त्या आंघोळ करून आमच्याबरोबर हसत पत्ते खेळायला बसायच्या. भिकारसावळ्यात फार लबाडी करायच्या.”

चोवीस वर्षं मी या घरात आहे. आत्याआजींचं लोणचं, त्यांची वाकळ, त्यांचा तापटपणा सगळं ऐकलेलं. हे कधीच नव्हतं ऐकलं. सासूबाईंनी उरलेल्या शेंगा संपवल्या, टरफलं कागदात गुंडाळली आणि म्हणाल्या, “वाच पुढे.”

तेव्हापासून मी ही कादंबरी ‘सामाजिक’ म्हणायचं सोडून दिलंय. हरिभाऊ डोळ्यांसमोरचं लिहीत होते, जुन्या काळाचं चित्र काढायला बसलेच नव्हते. त्याच हाताने त्याच साप्ताहिकात त्यांनी शिवकालावर ‘उषःकाल’ही लिहिली. तीही मी आणली. योगायोग आणि लांबच लांब संवाद यांतून वाट काढताना दमछाक झाली आणि शेवट गाठला तो केवळ नेमासाठी. ज्या पुस्तकात त्यांनी मुद्दाम इतिहास मांडला ते आज जुनाट वाटतं, आणि जे शेजारच्या घरातलं होतं तेच इतिहास होऊन बसलंय. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी पुण्यातल्या घरात मुलीला कोण काय बोलायचं, कुठल्या खोलीत कोणाला जायची मुभा होती, पत्र लिहिताना कोणापासून लपवावं लागे, हे मला कुठल्या बखरीत मिळायचं?

मग मी मुद्दाम त्या नजरेने वाचत गेले. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 चं. कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण घेतलं. शिकलेल्या, मिळवत्या मुली आणि त्यांच्या पगारावर विसंबलेली घरं. हे लिहिणारी बाई कोण म्हणून तेव्हा केवढा गहजब झाला होता. आज त्यातलं धीट काही वाटत नाही, पण मुलीचा पगार आणि तिचं लग्न यांचं घरातल्या घरात जे गणित चालतं ते माझ्या ऑफिसातही चालू आहे. त्यांचीच 1950 ची ‘बळी’ मात्र अंगावर येते. मालतीबाई बेडेकर, म्हणजेच विभावरी, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये नोकरीला होत्या. कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची ती जागा. तिथलं त्यांनी लिहिलं. तो कायदा 1871 चा. असं कुंपण आपल्याकडे होतं हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कादंबरीतून कळलं. शाळेच्या पुस्तकात किल्ल्यांची यादी होती.

बायकांच्या कपाटावर सगळं गोडच आहे असं नाही. गौरी देशपांडे मी एकोणिसाव्या वर्षी गटागटा प्यायले होते. आता परत वाचताना भाषेवर तितकाच जीव जडला, नायिकांवर मात्र चिडचिड झाली. इतकं प्रवास करतात, प्रेमात पडतात, बाहेर पडतात, आणि घरी भांडी कोण घासतं? गॅसचा नंबर कोण लावतं? कदाचित ही माझ्या वयाची तक्रार असेल. तरी ‘दुस्तर हा घाट’ परत करताना काउंटरवर दोन मिनिटं उगाच चाळत उभी राहिले. शिवाय या कपाटात एक ठरलेला साचाही आहे: दुःखी, देखणी, समजूतदार नायिका, शेवटच्या पानावर खिडकीत उभी. तसल्या तीन निघाल्या, त्यांची नावं घेत नाही. इकडे तिन्हीत्रिकाळ मुजरे, तिकडे तिन्हीत्रिकाळ खिडकी.

कविता महाजनांची ‘ब्र’ 2005 ची. पंचायतीत निवडून आलेल्या बायकांची. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, हे आपल्याला एका ओळीत माहीत असतं. त्या ओळीच्या आत खुर्चीवर कोण बसतं, सही कोण करतं, सभेला गेलेल्या बाईला घरी आल्यावर काय ऐकावं लागतं, हे तिथे आहे. नातीच्या पिढीला हीच ऐतिहासिक कादंबरी म्हणून वाचावी लागेल.

आणि नेम मोडला तो ‘स्मृतिचित्रे’साठी. आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, पण 1857 वरचं काहीतरी हवं होतं आणि झाशीच्या घोड्यावर पुन्हा बसायची इच्छा नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या आजोबांना त्या बंडात फाशी झाली. वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं जे खूळ शिरलं ते बाई तिथपासून सांगायला घेतात. बाजारातलं सामान धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, आणि धुणार कोण, तर घरातल्या बायका. सत्तावन्नचं बंड त्या घरात असं रोज पाण्यात भिजत होतं. आणि हे सगळं ती बाई हसत सांगते.

नवरा अजून ‘श्रीमान योगी’ला धरून आहे. मी ‘पानिपत’चं कौतुक केल्यावर त्याला वाटलं जिंकलो. त्याने ‘बळी’ची चाळीस पानं वाचली आणि जेवताना बोलला नाही, एवढं माझ्या बाजूने धरते.

वर्गणी पुढच्या वर्षाचीही भरली. तेवढ्यात एक आगाऊपणा केला. लायब्ररीत ‘ऐतिहासिक’ आणि ‘सामाजिक’ अशी दोन कपाटं आहेत, वर पांढऱ्या रंगाने नावं. काउंटरवर कोणी नव्हतं तेव्हा ‘पण लक्षात कोण घेतो’ उचलून ‘स्वामी’च्या शेजारी खोचली. पुढच्या शनिवारी पाहिलं तर परत जुन्या जागी. तिथल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, नंबरप्रमाणे असतं ते.” काकांची पाठ वळल्यावर पुन्हा हलवली. गेले दोन शनिवार ती अजून तिथेच आहे.